तिसरा चौकोन

मार्चचा बर्फ, कडेला काळा पडलेला.
मस्यू पेलिसिएंचा कागद दाराखालून आत सरकला.
त्यावर दोन चौकोन:
वाढीव भाडं मान्य आहे.
तीस जूनला घर सोडत आहे.

महिन्याला एकशे पासष्ट डॉलर जास्त.
मी रात्रपाळीत म्हाताऱ्यांच्या कुशी बदलते,
दर दोन तासांनी, चादरीला सुरकुती न पाडता.
एकशे पासष्ट म्हणजे किती कुशी
हा हिशेब बसमध्ये मांडला. जमला नाही.

मॉन्ट्रियलमध्ये दर एक जुलैला
अर्धे संसार फुटपाथवर येतात.
विल्जेन्स नऊ वर्षांचा आहे, त्याला हे ठाऊक आहे.
त्याने न विचारताच भाजीवाल्याकडून
केळ्यांची रिकामी खोकी आणायला सुरुवात केली.

खालच्या मजल्यावर स्तामातियाबाई.
चाळीस वर्षं इथे, फ्रेंच अजून ग्रीक चालीत.
कागद खिडकीशी नेऊन म्हणाल्या,
एक चौकोन कमी आहे.
आणि पिठाच्या हातांनी, पेन्सिलीने,
तिसरा काढला. वाकडाच.
वाढ नामंजूर. घर सोडत नाही.

मला वाटलं, व्याकरण चुकतंय बाईंचं.
नाही म्हटलं की निघावं लागतं,
पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये मी एवढंच शिकले होते.

गप्प मात्र बसू नकोस, त्या म्हणाल्या.
इथे कायद्यातही मौन म्हणजे संमती, महिन्याभरात.
लेखी कळव. रजिस्टर पोस्टाने.
पावती पासपोर्टशेजारी ठेव.
मग ट्रिब्युनलचं दार ठोठवायचं तर
त्याने ठोठवावं.
आणि डिपॉझिट दिलंस? किती?
मी आकडा सांगितला.
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
तो मागायचा त्याला हक्कच नव्हता गं.

सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.
मस्यू जिन्यात भेटले की किल्ल्या मोजतात.
खोकी पलंगाखाली आहेत,
एकात पावत्या, बाकीची रिकामी,
फेकायला विल्जेन्स तयार नाही.

एक जुलैला सकाळी पाळीवरून परतले
तर समोरच्या घराचा सोफा
जिन्याच्या वळणावर अडकलेला.
खाली धरून एक पोरसवदा बाई, पोटुशी.
मी पिशवी ठेवली, एक टोक उचललं,
आणि विचारू नये ते विचारून बसले:
तुमच्या कागदावर
चौकोन किती होते?