राजगिऱ्याएवढं

फॉर्म मीच भरला.
भूपाल आदगोंडा मगदूम, वय एकसष्ट,
तोलार, हळद पेठ, मार्केट यार्ड, सांगली.
बीपी? नाही. साखर? नाही.
तंबाखू? "हितं येताना थुकली," बायको म्हणाली.
अर्धशिशी?
इथं ती अडखळली.
"लग्नाआधीपासनं. डोक्याला फडकं बांधून
अंधारात पडून ऱ्हायचे. त्यो बी आजार धरतासा?"
मी टिक केली.
आज काही वेगळं घडलं?
"पोत्यांची थप्पी सरकली. हमालाचं पोरगं सापडलं असतं खाली.
ह्यांनी दम कोंडून पोतं उचललं, बाजूला ठेवलं,
आणि मला फोन लावून इचारलं, मी कुठं हाय."

तोवर माझ्याकडं चारदा विचारून झालं होतं,
"बाई, मी हितं कसा आलो?"
तोच सूर, त्याच जागी घेतलेला श्वास.
स्वतःचं नाव येत होतं, बायको ओळखत होता,
तिच्या पदराला नुसता वास घेऊन म्हणाला, राजापुरी, कालची.
फक्त गेलं सहा महिने
त्याच्याकडं नव्हते.

"नेमू कुठं हाय?"
धाकटा भाऊ. रत्नाक्का खरं बोलली:
"श्रावणात गेला की ओ. अग्नी तुम्हीच दिला."
तो बाकावर बसला आणि रडला,
उपरण्यात तोंड घालून, मोठ्यानं, बाप्यासारखा नाही.
दोन मिनिटांनी डोळे ओलेच होते,
कशानं, ते त्यालाही माहीत नव्हतं.
"नेमू कुठं हाय?"
दुसऱ्यांदाही खरं. तिसऱ्यांदाही.
मिरजेच्या त्या कॉरिडॉरमध्ये एकच माणूस
तीनदा मेला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच.

चौथ्यांदा तिनं आधी माझ्याकडं बघितलं.
"मळ्यात गेलाय. पाणी पाजायला."
"थंडी हाय. घोंगडं नेलंय न्हवं?"
"नेलंय."

करगोटा काढून तिच्या हातात दिला.
मशीन ठकठकलं अर्धा तास.
फिल्म स्वच्छ. काही म्हणजे काही नाही.
डॉक्टर म्हणाले, परवा परत आणा,
ह्यातला ठिपका उशिरा उगवतो.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी आला, लाजत,
सगळं परत मिळालेला.
पहिल्या दिवसाचे सात तास सोडून,
ते आता कधीच येणार नाहीत.
आणि स्क्रीनवर, डाव्या बाजूला, खोल,
ज्या भागाला समुद्रघोडा म्हणतात
(आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही,
तरी प्रत्येकाच्या डोक्यात असे दोन)
तिथं पांढरं काहीतरी. राजगिऱ्याएवढं.
दहा-बारा दिवसांत तेही मावळेल.
पुन्हा होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी समजावलं,
पोती उचलू नका म्हणाले, तो हसला.

मग मला म्हणाला,
"बाई, त्या दिशी मी काय वंगाळ बोललो न्हाई न्हवं?"
रत्नाक्का मागं उभी होती, करगोट्याची गाठ मारत.
"भाव इचारत हुता हळदीचा," ती म्हणाली. "दुसरं काय."
त्यानं मान हलवली.

दारातून ती एकटीच मागं फिरली.
"चौथ्या डावाला," म्हणाली, "मला बी वाटलं,
त्यो खरंच मळ्यात हाय."

पुढचा पेशंट गुडघ्याचा होता. उजवा.