हातून

खानापूरच्या कचेरीत कारकून म्हणाला, तंदे हेसरू?
पणजोबाच्या, म्हणजे भरमाच्या, बापाचं नाव.
आणि आईचं. दाखला आणलाय?

दाखला कुठला, साहेब.
भरमा जन्मला तेव्हा प्लेगनं सगळं गाव शिवारात होतं.
बाळंतिणीच्या खोपीपाशी रात्रभर शेकोटी
आणि चावडीला कुलूप, एवढंच घरात सांगतात.

शाळेच्या रजिस्टरात तो नाही, शाळेत गेलाच नाही.
सोसायटीच्या कर्जखात्यात त्याचा अंगठा आहे,
निळसर, मधोमध कोयत्याची आडवी चीर.
अंगठ्यावरून बाप कळत नाही.

मग सुगी आटोपल्यावर हेळवी आला.
त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा मोपेडवर.
वही शहापूरच्या साडी दुकानाच्या पिशवीत.
अंगणात पोतं अंथरलं, गूळपाणी घेतलं
आणि वाचू लागला, अर्धं कानडी, अर्धं मराठी,
एका दमात :
सटूचा राणोजी, राणोजीचा नागो,
नागोचे तीन, दोन प्लेगात गेले,
उरला भरमा.

नागो.
मी मोठ्यानं म्हणून पाहिलं.
शंभर वर्षांत या घरात
कुणी ही हाक मारली नव्हती.

आणि आई?
हेळव्यानं चष्मा कपाळावर चढवला.
बायका नसतात हो यात, अक्का.
तुम्हीपण नाही.
खरंच. दादा होता, दादाचा मुलगा होता,
दोघांच्या मधे बोटभर जागासुद्धा नव्हती.

उठता उठता तो थांबला.
या वहीमागं दुसरी वही असते, म्हणाला,
मिळकतीची. आमच्या आज्याला कुणी काय दिलं ते.
शाई उडालेली, कडांना वाळवीची जाळी.
बोट फिरत फिरत एका ओळीवर टेकलं :
नागोच्या घरी. मुलगा जगला म्हणून.
तांब्याचा तांब्या एक, नाचणी चार शेर.
हातून, तुळसा.

तुळसा.
कुठल्या गावची, कुणाची, काही नाही.
चार शेर नाचणी.
दोन पुरून आलेली बाई
तिसऱ्यासाठी शेर मोजत होती.

कारकून हे मानणार नाही, ठाऊक आहे.
त्याला शिक्का लागतो.

भात मोजून झाला. मी आतून पितळी कळशी आणली.
त्यानं ती टिचकी मारून वाजवून पाहिली,
मागची वही उघडली,
पेनाचं टोपण दातात धरलं
आणि विचारलं,
कुणाच्या हातून लिहू?