बंदर बंद

फळ्यावर खडूनं दोनच शब्द: बंदर बंद.
खाली तारीख, तीही कालची,
कारण कालही बंदच होतं
आणि आज ती पुसायला त्या वाऱ्यात कोण जाणार?

चिलोएहून मला त्याच्याहून धाकट्या बेटावर जायचं होतं.
कशासाठी, ते आता नीट आठवत नाही.
एक लाकडी चर्च बघायचं होतं बहुतेक,
प्रवासाच्या पुस्तकात त्याला दीड ओळ होती.

तिकीटघर म्हणजे पत्र्याची एक खोली.
मधोमध चूल नव्हे, शेगडीही नव्हे,
त्या दोघींची लठ्ठ लोखंडी मावशी,
पोटात ओली लाकडं घेऊन कुरकुरत बसलेली.
वर तारेवर सात मोजे वाळत होते.
सात.
आठव्याची चौकशी करण्याइतकं स्पॅनिश मला येत नव्हतं.

दाराशी नोल्बेर्तो, घोंगडीत गुंडाळलेला आरसा सांभाळत.
मुलीच्या लग्नासाठी घेतलाय म्हणाला,
की मुलीनं लग्न मोडलं म्हणून परत आणलाय,
क्रियापद माझ्या हातून निसटलं.
घोंगडीचं एक टोक सुटलं होतं
आणि आत येणारा प्रत्येक जण
तेवढ्या वीतभर काचेपुढं वाकून
केस सारखे करत होता,
कुठंही जायचं नसताना.

मग एर्सिराबाईनं किटली उतरवली.
भोपळ्याच्या एवढ्याशा तुंब्यात हिरवा पाला,
त्यात पाणी, त्यात एक धातूची नळी,
आणि सगळ्यांना मिळून तीच एक.
माझ्या हातात आला तुंबा.
कडू, धुरकट, जीभ पोळणारा.
शेवटच्या घोटाला नळी गुरगुरली
आणि मी छातीवर हात ठेवून, मान लववून,
शिकवणीतला माझा सर्वांत चांगला शब्द काढला:
ग्रासियास.

पुढच्या फेरीत तुंबा मला वळसा घालून गेला.
त्याच्या पुढच्याही.
मला वाटलं, काही चुकलं,
नळी पुसली नाही, की पुसली म्हणून राग आला?

शेवटी येरको, वय नऊ, समोरचे दोन दात रजेवर,
त्यानं मला खुणांनी समजावलं:
आभार मानायचे ते पुरे झाल्यावर.
हवं असेल तर गप्प बसायचं.

हे तर आमच्याच घरातलं की!
आमच्याकडेही आभारप्रदर्शनाला कुणी उभं राहिलं
की अख्खं सभागृह चपला शोधायला लागतं.
आणि लहानपणी मी एकदा जेवताना
शाळेतून शिकून आलेलं 'धन्यवाद' म्हणालो
तर आईनं कपाळाला हात लावून बघितला होता,
ताप आलाय का म्हणून.

चौथ्या फेरीला मी गप्प बसलो.
पाचवीलाही.
सहावीच्या आधी एर्सिराबाईनं
बटाटा किसून केलेला, चरबीत तळलेला एक मिल्काओ
कागदात बांधून माझ्या हातावर ठेवला.
खायचा की नाही ठरेना इतका गरम,
म्हणून कोटाच्या खिशात टाकला,
आणि मग डावा हात तिथंच राहिला तासभर,
मांजर घेऊन बसल्यासारखा.
(खाल्ला तेव्हा गार झाला होता.
तरी चांगला होता. नाही, खरं सांगायचं तर
खिशात जास्त चांगला होता.)

अडीचच्या सुमाराला वारा पडला.
गणवेशातला एक पोऱ्या आला,
बाहीनं फळा पुसला,
आणि जाता जाता आरशात वाकून टोपी नीट केली.
मी पिशवी उचलली. एकटाच उभा होतो.
नोल्बेर्तो बसलेला. येरको बसलेला.
कुत्रा तर आडवाच.
बाहेर बोटीचा भोंगा वाजला एकदा, मग जरा चिडून.

एर्सिराबाईनं किटलीच्या पोटाला हात लावला.
"गरम आहे अजून," ती म्हणाली.
तेवढं स्पॅनिश मला आलं.
मी पिशवी खाली ठेवली.