उरलेला तारलो

तोंडवळीच्या रापणीची वही माझ्याकडे.
किती टोपल्या, किती माणसं,
होडीचा वाटा, जाळ्याचा, हातांचा.
वाटे घालताना सुभाजी खवणेकर एकदा म्हणाले,
"असो एक आकडो सांग, बाय,
कितीय माणसां येवंदेत, मागे कायच उराक नको."

रात्री गुणत बसले.
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा,
ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत
असे सात जण एका दोराला लावले.
हाती आले पाच लाख दहा हजार पाचशे दहा.

लिहून पाहिला तर
पाचशे दहा इकडे, पाचशे दहा तिकडे,
रापणीच्या दोन टोकांना सारखीच माणसं.
कुठलेही तीन अंक असे दोनदा ओढा,
आत सात, अकरा, तेरा असतातच,
खोळीत कुर्ल्या असतात तसे.

सकाळी दोराला सतरा जण होते.
प्रत्येकी तीस हजार तीस.
पेद्रू हसला, "इतके तारले माझ्या बापाशीन पण बघूक नाय."
सुभाजी वाळूत बोटाने भागत होते.
मान वर न करता म्हणाले, "आणि चार?"

चाराला दोन उरतात.
दोन मी एकदाच घेतला होता.
"म्हंजे जाळ्याक भोक आसा."
आसा, म्हटलं.

"आणि एक मासो जास्त इलो तर?"

दोघांत वाटला, एक उरला.
तिघांत, पाचांत, सातांत, एक.
अकरा, तेरा, सतरा,
सातही जणांच्या हातून तोच एक निसटला.
"मगे तो कोणाचोच नाय?"
दोन दिवस मीही तेच धरून चालले
की हा आकडा फुटतच नाही.

तिसऱ्या दिवशी, बर्फाच्या पावतीमागे,
एकोणिसाने भाग गेला.
एकोणीस, सत्त्याण्णव, दोनशे सत्त्याहत्तर.
तिघेही माझ्या दोरावर कधी नव्हते.
अठरा माणसं आली असती तर तेरा मासे उरले असते.
एकोणीसच हवी होती.

सुभाजींनी ऐकलं आणि दक्षिणेच्या टोकाकडे बघितलं.
तिथे दोन हातरुंद जागा
गेल्या दर्यापासून कुणी धरत नाही.
"दोन माणसां कमी आसत," एवढंच म्हणाले,
आणि टोपलीवर पाणी मारलं.

आता मी एकोणीसही दोराला लावलाय.
शहाण्णव लाख नव्व्याण्णव हजार सहाशे नव्वद.
वर एक टाकला. तो पुन्हा उरला.
तेविसाला दाखवला, एकोणतिसाला, एकतिसाला,
पावत्या संपल्या, मग कॅलेंडरची पानं.
तीनशे सत्तेचाळीस माणसं जमेपर्यंत
त्याचे सारखे वाटे पडत नाहीत.
तळाशील, हडी, सर्जेकोट, सगळ्यांना हाक मारावी लागेल.
वहीच्या पानावर बत्तीस ओळी असतात.

सुभाजींना अजून सांगितलेलं नाही.
ऐकलं तर ते उठतील,
आणि माणसं मोजत
किनाऱ्याने चालू लागतील.