उलटा दात

रुंद्याच्या पुलाखाली
काळू जिथे खडकाला अडून जरा विचार करते,
तिथे आम्ही बसतो. मी आणि हसुराम.
मार्गशीर्षातला रविवार, अजून उजाडायचंय,
पलीकडे वीटभट्टीचा धूर पाण्यावर आडवा झोपलेला.

कणकेत शेंगपेंड, चिमूटभर हिंग.
मळताना तो बोलत नाही.
मळून झालं की गळ माझ्या हातात देतो, म्हणतो,
"बघ."
मी बोट फिरवून बघतो.
उलटा दात पक्कडीनं दाबून सपाट केलेला.
दर वेळी तो दाखवतो, दर वेळी मी बघतो.

नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
त्याच्या भावाच्या हळदीला, मांडवात, सगळ्यांसमोर
मी म्हणालो होतो,
"शेत विकून गाडी घेतलीस हसू,
आता भाताऐवजी पेट्रोल लाव."
लोक हसले. तोही हसला.
दुसऱ्या दिवसापासून माझ्या मेडिकलसमोरून
त्याची गाडी हॉर्न न देता जाऊ लागली.

मग एका दुपारी त्यानं काउंटरवर अंगठा ठेवला.
गळ मुळापर्यंत रुतलेला.
"डाक्टर जेवाला गेलाय. तूच कार."
मी ओढून पाहिला.
त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, गळ हलला नाही.
तो दात आत जाताना जाणवतही नाही,
मागे फिरायचं म्हटलं की मांस धरून बसतो.
शेवटी पुढेच ढकलला.
दुसऱ्या बाजूनं कातडी फोडून टोक वर आलं,
ते कापलं,
आणि उरलेली तार निघाली
गुमान, आल्या वाटेनं.
धनुर्वाताच्या इंजेक्शनचे पैसे त्यानं पुढे केले.
मी घेतले.
घेतले नसते तर तो परत आला नसता.

आज साडेसातला दोरी ताणली.
खडस. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा.
"हात वले कर आधी," हसुराम ओरडला,
"सुका हात भाजतो त्याला."
मी मनगटापर्यंत बुडवले. थंडीनं बोटं परक्याची झाली.
दुकानातला चिमटा खिशात होताच,
एका हिसक्यात गळ सुटला.
ओठाला शेजारीच एक जुनं भोक, भरून आलेलं.
"मागचाच हाय का रं?"
"असेल."
दोघांनी त्याच्याकडे पाहिलं,
त्यानं आमच्याकडे पाहिलं असं म्हणवत नाही.

हसुरामची आई अजून विचारते,
"खावाचा नाय त मंग पकरताव कशाला?"
तिच्या नवऱ्यानं याच डोहात पाग टाकून
सहा पोरं वाढवली.
तिला द्यायला आमच्याकडे उत्तर नाही.
आम्ही चहा पितो आणि कपाकडे बघतो.

तोंड धारेकडे करून मी त्याला पाण्यात धरला.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
बोटं सैल केली. तो गेला नाही.
मी जरासा पुढे लोटणार,
"ढकलू नको," हसुराम म्हणाला, हळू,
जसं दवाखान्यात बोलतात.
"राहू दे. त्याचा त्यो जाईल."
किती वेळ, सांगता येणार नाही.
पुलावरून दुधाच्या किटल्या वाजत गेल्या.
मग तळहातावर एक झटका,
आणि हातात फक्त नदी.

परतताना टिटवाळ्याच्या बाजारात
त्यानं अर्धा किलो मांदेली घेतली, घासाघीस करून.
"रिकाम्या हातानं गेलू त बायको हसंल."
गाडी मला दुकानापाशी सोडून निघाली,
वळणावर दोनदा हॉर्न.

शटर वर करताना दिसलं,
मनगटाला एक खवलं चिकटलंय.
मांदेलीचं एवढं मोठं नसतं.
इतका ओला हात करूनही.
गोळ्यांच्या छोट्या पाकिटात ते टाकलं,
सकाळ, दुपार, रात्र छापलेल्या,
मागे तारीख घातली.
नावापुढे पेन टेकवून बराच वेळ उभा होतो,
तेवढ्यात कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं.