पासंग

वजनमापे खात्यात एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांचे काटे तपासले.
नागभीडच्या बाजारात मला पाहून
मिरचीवाल्या बाया तागडीखालचा चुंबक
लुगड्यात दडवायच्या, आणि मीही
कधी कधी मिरचीकडेच बघायचे.

बाबांच्या काट्यावर मात्र माझा शिक्का नव्हता.

एका सोनारानं दुकान मोडलं तेव्हाचा तो.
दोन बोटांएवढी पितळी पारडी, रेशमी दोरे,
त्यातला एक आईच्या शिवणाच्या डब्यातला, हिरवा.
घेण्याआधी बाबा अर्धा दिवस ओट्यावर बसले.
गुंज ठेवायची, समोर तांदळाचे दाणे,
मग इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.
सोनार वैतागला : "डोमाजी, पोरगी पाहाले आलास का बे?"
बाबा म्हणाले, "पोरगी चुकली तं निभवता येते."
मी तेव्हा आईच्या पोटात होते.

धान पोटरीत आलं की डुकरं उतरायची,
एका रात्रीत बांधी लोळवून जायची.
परवान्याची बंदूक खुंटीवर, वर्षाचे अकरा महिने मुकी.
आणि पितळी काडतुसं,
तीच ती, पुन्हा भरलेली,
तोंडाशी चिरत चाललेली.

भरायच्या रात्री चूल लवकर विझायची.
कंदील नाही. बॅटरी, तीही लांब, कोनाड्यात.
कोणी बोलायचं नाही.
मी वाकून बघायला गेले की
"श्वास तिकडे सोड," म्हणायचे.
माझ्या श्वासानं पारडं हलतं
हे मला सहाव्या वर्षी कळलं.

वारलूकाका टोपणानं मोजायचे.
"टोपनाले का कळते," बाबा म्हणायचे,
"भरलं का ठासलं?"
वारलूकाका आता रामराम करतात
तेव्हा सात बोटं जुळतात.
डाव्या बाजूनं हाक मारली
तर वळत नाहीत.

निवृत्त झाले त्या महिन्यात
मी नागपूरहून डिजिटल काटा आणला.
लाल आकडे, वॉरंटीचं कार्ड, काचेचं झाकण.
बाबांनी त्यावर जुनी चवली ठेवली.
उचलली. ठेवली. उचलली.
चारदा एकच आकडा,
पाचव्यांदा शेवटचा बदलला.
"पंखा बंद कर."
केला. पुन्हा बदलला.
"यातलं खरं कोनतं?"
मी म्हटलं, एवढा फरक चालतो, नियमात.
"नियम तुजा," ते म्हणाले, "डोरा माजा."
चवली खिशात घातली.
काटा आता आईकडे आहे,
हळद तोलायला.

या वर्षी त्यांचा हात थरथरतो.
भाद्रपदातल्या त्या रात्री दांडी धरली
आणि काट्याची जीभ थांबेचना.
बराच वेळ पाहत राहिले.
काटा हलतोय की आपण,
हे विचारायला दुसरा काटा नव्हता.
मग दांडी माझ्यापुढे सरकवली.
"तू बस."

मी ती हातात धरली नाही.
आढ्याच्या खिळ्याला टांगली,
खात्यात शिकवलं होतं तशी.
डाव्या पारड्याखाली बोट लागलं,
काहीतरी खरबरीत :
लाखेचा ठिपका, गुंजेहून बारीक,
त्यावर अंगठ्याच्या नखाची खूण.

म्हणजे काटा खोटा होता.
किती खोटा, हे बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,
आणि त्यांनी तेवढंच, बरोबर तेवढंच,
त्याच्या पोटाला चिकटवलं होतं.

मी हजारो शिक्के मारले.
असा एकही नाही.

रिकामी पारडी स्थिर व्हायला वेळ लागला.
बाहेर बांधाच्या पलीकडे
चिखलातून काहीतरी चालल्याचा आवाज येत होता.
बाबा म्हणतील म्हणून मी वाट पाहिली,
श्वास तिकडे सोड.

म्हणाले नाहीत.
त्यांनी स्वतःच तोंड
भिंतीकडे फिरवलं.