एकाच व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र

जिल्हा कोर्टासमोर कडुलिंबाखाली बसणाऱ्या
टायपिस्ट ठवरेंनी चष्मा कपाळावर सरकवला,
सासऱ्यांना म्हणाले,
"नाव ठेवताना जरा इचार कराचा होता जी.
ज्योत्स्ना! इंग्रजीत लिहून पाहा बरं."

दहावीच्या सनदेवर तिच्या नावात एक एस कमी,
नर्सिंगच्या पदवीत मधेच एक ए घुसलेला,
लग्नाच्या दाखल्यातून वाय गळालेला,
आणि संडरलँडच्या दवाखान्यात
छातीवरच्या पट्टीवर नुसतं जो.
सासऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं
की या चारही बाया एकच आहेत.
ठवरे माझ्याकडं वळले : "मजा आहे जावईबापूची."

मग फाईल.
मोबाईलमधलं सगळं बोलणं छापून घेतलं
गोळीबार चौकात, पानाला दोन रुपये.
झेरॉक्सवालं पोरगं छापता छापता वाचत होतं.
"भाऊ, यात तं नुसतं 'जेवला का' अन् 'हो' आहे."
मी म्हटलं, तेच आहे.
पण घरी येऊन पानं चाळताना घाम फुटला.
कितीदा तरी हो लिहिलं
तेव्हा मी जेवलोच नव्हतो.
अर्जाच्या शेवटी छापलंय,
खोटी माहिती दिल्यास दहा वर्षं बंदी.

लग्नानंतर एकत्र किती दिवस राहिलात?
एकेचाळीस.
त्यातले चार दिवस ती तापानं पडून होती,
एक दिवस मी कामठीला कूलर बसवायला गेलो होतो.
तो वजा करायचा का, वकील सांगेना.

इंग्रजीची परीक्षा हैदराबादला.
बाई म्हणाली, तुमच्या शहराबद्दल सांगा.
मी म्हटलं, हॉट.
ती थांबली. मीही थांबलो.
मग म्हटलं, व्हेरी.
पास झालो.

तिकडच्या सरकारला पौंडात आकडा लागतो,
म्हणून ती जास्तीच्या रात्री करते.
मे महिन्यात एकदा पाळी संपवून तिनं फोन लावला,
इकडं दुपारचा एक,
पाचपावलीचा रस्ता तव्यासारखा,
आणि बोलता बोलता ती झोपली.
फोन मी पंपांच्या खोक्याला टेकवून ठेवला.
त्या दुपारी दुकानात
एकही मोटर चालू करून पाहिली नाही.
गिऱ्हाइकांना सांगितलं, लाईन नाही.
समोरच्या रसवंतीचा पंखा मात्र फिरत होता.
चार तास सात मिनिटं.
यादीत तो कॉल आहे, पान अठ्ठ्याऐंशी.
काय बोललात, असा रकाना नाही,
ते एक बरं आहे.

गेल्या थंडीत तिनं तिथल्या नगरभवनात उभं राहून
राजाला शब्द दिला, नंतर चहा-बिस्किटं होती म्हणे.
जुना निळा पासपोर्ट आपल्याच लोकांनी
कोपरा कापून तिला परत दिला.
कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला तिनं,
कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत.
आता मला तिकडं जायला कागद,
तिला तांडापेठेत आईकडं यायला कागद.

बाबा मागावर बसत तेव्हा म्हणायचे,
एक ताणा तुटला तरी व्यापारी लुगडं परत करतो,
पण तुटलेला ताणा हातानं जोडता येतो.
हे मात्र कुणाच्या हातात आहे ते कळत नाही.
अर्ज जाऊन एकोणीस आठवडे झाले.
फोन वाजला की पाना-पकड खाली पडते.

आत्ता वाजला.
निकाल नाही. तीच आहे,
चारपैकी कोणती ते मला विचारू नका.
जेवला का?
घरातल्या कूलरला मी आज नवीन वाळा लावतोय,
हात ओले आहेत, पोळीचा डबा तसाच आहे.
हो लिहिलं.
खोडलं.